एवढ्याशा पीसीत अख्खं पुणं कसं मावंल, ताई?

पत्र:

दादा नमस्कार. मी मिरजेची. लेक बारावी झाली, बीसीएला ॲडमिशन घेतलंय, कॉलेज सुरू व्हायला महिना आहे तोवर ती म्हणते मला घरीच प्रोग्रॅमिंग चालू करायचंय. घरात ह्यांचा जुना डेस्कटॉप आहे, आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज १०. हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतात, त्यांचं टॅली त्याच्यावरच आहे. मागच्या महिन्यात माझा भाचा पुण्याहून आलेला, तो आयटीत आहे, त्यानं एका दुपारी अँड्रॉइड स्टुडिओ, ॲनाकोंडा, व्हीएस कोड, जावा आणि काय काय टाकून दिलं आणि गेला. आता पीसी चालू व्हायला पंधरा मिनिटं लागतात, टॅली उघडता उघडत नाही, आणि लेक काळ्या खिडकीत पायथन टाइप करते तर ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’ असं काहीतरी येतंय. भाचा फोन उचलत नाही. एका दुकानदारानं सांगितलं हा पीसी भंगारात घाला, पंचावन्न हजाराचा लॅपटॉप घ्या. हे म्हणतात हे आपल्या घरातलं काम नव्हे. लेक रडवेली झालीये. काय करू?
एक आई, मिरज

उत्तर:

ताई, आधी एक सांगतो, पीसी भंगारात घालू नका आणि पंचावन्न हजार तर अजिबात काढू नका. पहिल्या सेमिस्टरला लेक जे शिकणार आहे ना, त्याला तुमचा हा आय-थ्री रग्गड झाला. आम्ही ज्या मशीनवर शिकलो तिच्यापेक्षा आज दाजींच्या खिशातला मोबाईल जास्त ताकदीचा आहे. बिघाड मशीनमध्ये नाही, ओझ्यात आहे. लेकीला पाहिजे होता एक छोटा पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा, आणि भाच्यानं घरात ॲनाकोंडा सोडला, आता तो सगळ्यांना विळखा घालून बसलाय.

पोराचं चुकलं असं नाही म्हणत मी, त्यानं त्याच्या ऑफिसात जे रोज लागतं ते तुमच्याकडं टाकलं. अँड्रॉइड स्टुडिओ मोबाईलचे ॲप बनवायला लागतो, त्याला कमीत कमी आठ जीबी रॅम लागते असं ते स्वतःच सांगतात, तुमच्याकडं चार, आणि त्यातली निम्मी तर विंडोजच खाऊन बसतंय. ॲनाकोंडा म्हणजे पायथनच, पण सोबत डेटा सायन्सवाल्यांच्या शेकडो वस्तू, काही जीबी जागा गेली. एका माणसाच्या चहाला लग्नाचं पातेलं चढवल्यासारखं झालं ते.

आता कामाला लागू. पण थांबा, कुठलंही अनइन्स्टॉल दाबायच्या आधी दाजींच्या टॅलीचा बॅकअप. टॅलीमध्येच बॅकअपचा ऑप्शन असतो, दाजींना माहीत असणार, तो घ्या आणि पेनड्राइव्हवर टाका, एका नाही दोन पेनड्राइव्हवर, आणि दुसरा पेनड्राइव्ह त्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, दुसरीकडं ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आलं तेव्हा माझ्याकडं लोक चिखलानं भरलेले सीपीयू घेऊन यायचे, हातात धरल्यावर खालून पाणी गळायचं, आणि पहिला प्रश्न ‘दादा, हिशेब निघंल का यातला’. काहींचा निघाला, बऱ्याच जणांचा नाही निघाला, आणि त्यातल्या कित्येकांचा पेनड्राइव्ह पण त्याच ड्रॉवरमध्ये होता. तर ते आधी. टॅलीला धक्का लागला की दाजींचं ‘हे आपल्या घरातलं काम नव्हे’ कायमचं पक्कं होईल, मग लेकीला त्या खुर्चीवर कोण बसू देणार नाही.

बॅकअप झाला की सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा आणि भाच्यानं टाकलेलं सगळं काढा. हो, सगळं, व्हीएस कोड पण. व्हीएस कोड वाईट नाही, मी स्वतः वापरतो, पण तो नुसता लिहायचा कागद आहे, पायथन त्यात येत नाही, तो वेगळा टाकायचा, मग एक्स्टेन्शन टाकायचं, मग खाली कोपऱ्यात कुठला पायथन वापरायचा ते निवडायचं, आणि नवख्या माणसाला यातलं काय चुकलं तेच कळत नाही. दुसऱ्या वर्षाला टाकू. एकच खबरदारी, जावा काढताना दाजींना विचारा, सरकारी साइटवर डिजिटल सहीबिहीसाठी काही लोक वापरतात, ते वापरत असतील तर राहू दे.

मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप तिन्ही एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. स्टार्टअप नावाच्या टॅबमध्ये जे जे चालू होताना आपोआप उठतंय त्यातलं नको ते डिसेबल करा, अँटिव्हायरस सोडून. तिथंच परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये डिस्कच्या खाली एचडीडी (जुनी, फिरत्या तबकडीची हळू डिस्क) लिहिलंय का एसएसडी (नवी, जलद डिस्क) ते बघा. एचडीडी असणार असं मला वाटतंय, कारण पंधरा मिनिटं फक्त रॅममुळं लागत नाहीत. तसं असेल आणि थोडे पैसे घालायचेच असतील तर ते तिथं घाला, एक साधी साटा एसएसडी बसवून घ्या, तोच पीसी ओळखू येणार नाही इतका फरक पडतो. रॅम वाढवायची तर डीडीआर-थ्री आहे का डीडीआर-फोर ते बघून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, मी स्वतः एकदा न बघता घेऊन आलोय आणि परत दुकानात तोंड घेऊन गेलोय. हे दोन्ही मिळून त्या लॅपटॉपच्या किमतीच्या जवळपासही जाणार नाही.

विंडोज १० चं पण सांगून टाकतो. त्याचे नेहमीचे फुकटातले सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. जुना आय-थ्री असेल, म्हणजे इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचा, तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही. लेकीच्या शिकण्याला त्यानं काही अडत नाही, पण बँकेचं काम त्या पीसीवर करू नका, आणि कुणी पेनड्राइव्हवर विंडोजचं चोरीचं ‘फुल व्हर्जन’ घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवा. लिनक्स टाका असं सांगणारे भेटतील, मला स्वतःला लिनक्स आवडतं, पायथन तर त्यात आधीपासूनच असतो, पण टॅली विंडोजवर चालतं आणि घरात पीसी एकच आहे. नको.

आता लेकीचं खातं. विंडोजमध्ये तिच्या नावानं वेगळं युजर अकाउंट काढा, साधं, ॲडमिन नको, म्हणजे तिच्या हातून दाजींच्या फायलींना काही होणार नाही. नाव देताना इंग्रजीत, एकच शब्द, मधे स्पेस नाही, कारण विंडोज त्याच नावाचा फोल्डर करतं आणि काही जुनी टूल्स नावात स्पेस किंवा मराठी अक्षर दिसलं की रुसून बसतात, एरर भलतंच दाखवतात आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

तिच्या खात्यात एकच वस्तू टाकायची. थॉनी. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेलं आहे, फुकट आहे, छोटं आहे, आणि मुख्य म्हणजे त्याच्या पोटातच पायथन येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. थॉनी डॉट ऑर्ग वरून घ्यायचं, दुसऱ्या कुठल्या साइटवरून नाही. इन्स्टॉल करा, उघडा, वर लिहायची जागा, खाली उत्तर येणारी जागा, बास. प्रोग्रॅम लिहायचा, एफ-५ दाबायचा. व्ह्यू मेनूतनं व्हेरिएबल्स चालू केलं की कुठल्या नावात आत्ता काय भरलंय ते शेजारी दिसतं, आणि डीबगचं बटण दाबलं की एकेक पायरी चालवून दाखवतं, पाढा म्हणताना बोट ठेवतो तसं.

मग त्या ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’चं काय, असं तुम्ही म्हणाल. ते सोपं आहे. काळ्या खिडकीत नुसतं पायथन असं नाव टाकलं की विंडोज सगळ्या पीसीत शोधत नाही, त्याच्याकडं ठरलेल्या फोल्डरांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात, तेवढ्यातच बघतं. कुरिअरवाल्या पोराच्या यादीत तुमची गल्लीच नसेल तर पार्सल घरी येणार कसं, तुम्ही दारात उभ्या असला तरी. ॲनाकोंडा टाकताना तो स्वतःचं नाव त्या यादीत आपणहून घालत नाही, त्याची वेगळी खिडकी असते, लेक साध्या खिडकीत बसलेली. काही पीसीवर याच कारणानं एरर न येता सरळ मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं, लोक घाबरतात व्हायरस आला म्हणून. पायथन डॉट ऑर्गवरून नेहमीचा इन्स्टॉलर घेतला तर पहिल्याच पडद्यावर अगदी तळाला एक बारीक चौकोन असतो, ‘ॲड पायथन टू पाथ’ अशा अर्थाचा, तो टिक न करता पुढं गेलेल्यांनी माझं निम्मं दुकान चालवलंय. थॉनीमध्ये हे लफडंच नाही, म्हणून थॉनी.

आता ताई, पहिला प्रोग्रॅम. सगळे ‘हॅलो वर्ल्ड’ करायला लावतात, करू दे, दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर लगेच दाजींच्या कामाचं काहीतरी करायला सांगा. हळदीचं. एका पोत्याचं वजन विचारायचं, दुसऱ्या पोत्याचं विचारायचं, बेरीज दाखवायची. एवढंच. आणि तिथं एक गंमत होणार आहे, आधीच सांगून ठेवतो पण तिला सांगू नका. पायथनमध्ये विचारायला इनपुट वापरतात. ती पहिल्या पोत्याचं वजन देईल ५०, दुसऱ्याचं ५०, आणि उत्तर येईल ५०५०. दोन पोती आणि पाच हजार पन्नास किलो! कारण इनपुटमधून आलेलं सगळं पायथन अक्षरं म्हणून धरतो, आकडा म्हणून नाही, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढं एक चिकटवणं. मग त्याला इंट नावाच्या फंक्शनमध्ये घालून सांगावं लागतं की बाबा, हा आकडा आहे. हे तिचं तिला सापडू दे, अर्धा तास जाईल, जाऊ दे. आणि सापडल्यावर एक मजा करून बघा, कीबोर्ड मराठीवर करून वजन मराठी आकड्यांत टाकायला सांगा. चालतं! पायथन ३ ला देवनागरी आकडे कळतात, इंट त्याचं बरोबर पन्नास करतो. व्हेरिएबलचं नाव सुद्धा मराठीत ठेवता येतं, वजन म्हणून. कॉलेजात इंग्रजीच ठेवावी लागतील, पण घरी एकदा करून बघायला काय हरकत आहे, दाजींना दाखवायला तर लई भारी. नंतर विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड परत इंग्रजीवर आणायला विसरू नका, नाहीतर प्रिंट या आज्ञेच्या जागी भलतंच काहीतरी उमटत राहील.

मग ती टर्टलवर जाईल, सगळीच पोरं जातात, पडद्यावर कासव फिरवून चित्र काढायचं, ते पायथनसोबतच येतं. इथं एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. चित्राचा प्रोग्रॅम म्हणून फायलीला नाव दिलं टर्टल डॉट पीवाय. झालं, कासव काही हलेना. एरर म्हणतंय की टर्टलमध्ये अमुक गोष्ट नाहीच. मी तीन वेळा पायथन काढून परत टाकला, रात्रीचे साडेअकरा, बायको जेवायला बोलावून थकली, आणि मग लक्षात आलं की इंपोर्ट टर्टल म्हटल्यावर पायथन आधी माझ्याच फोल्डरमध्ये बघतोय आणि माझीच फाइल उचलतोय, खऱ्या कासवापर्यंत पोचतच नाही. फायलीचं नाव बदललं, पाच सेकंदात चाललं. तर टर्टल, रँडम, मॅथ असली नावं फायलीला द्यायची नाहीत, माझं-चित्र-एक असं काहीही चालेल.

जुन्या नोट्स आणि जुने व्हिडिओ बघताना प्रिंटनंतर कंस नसेल तर तो व्हिडिओ बंद करा, ते पायथन २ आहे, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. व्हॉट्सॲपवर मैत्रिणीनं पाठवलेला किंवा वर्डमधला कोड जसाच्या तसा चिकटवायचा नाही, त्यातली अवतरणचिन्हं वाकडी, छापील असू शकतात, पायथनला सरळ पाहिजेत, दिसायला सारखीच वाटतात म्हणून डोकं फिरतं. हातानं टाइप करायचं. आणि दर दोन-चार ओळींनी कंट्रोल-एस, लाइट काय विचारून जात नाही, इन्व्हर्टरवर पीसी नसेल तर जास्तच.

आता सी लँग्वेजचं, कारण बीसीएला पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी सी असतंच आणि कुणीतरी तिला टर्बो सी आणून देणार. निळा पडदा, डॉसच्या काळातला. मी पण त्यावरच शिकलो, प्रेम आहे, पण ताई ते सोळा बिटवालं सॉफ्टवेअर आजच्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर स्वतःच्या पायावर उभं पण राहत नाही, डॉसबॉक्स नावाच्या कुबडीवर चालवतात. शिवाय सवयी चुकीच्या लागतात. परत हळदीचंच बघा, समजा एका क्विंटलचे १६००० आणि दुसऱ्याचे १८००० अशी साध्या इंटमध्ये, म्हणजे सीमधल्या पूर्ण आकडा ठेवायच्या डब्यात, बेरीज केली, तर टर्बो सी उत्तर देतो उणे ३१५३६. शेतकऱ्यानंच अडत्याला पैसे द्यायचे! कारण त्यातला इंट ३२७६७ च्या पुढं जात नाही, पुढं गेला की फिरून उण्यात येतो. आजच्या जीसीसी कंपायलरमध्ये, म्हणजे लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हाच प्रोग्रॅम बरोबर ३४००० सांगतो.

त्यामुळं सीसाठी कोडब्लॉक्स टाका, पण पायथन दोन-तीन आठवडे झाल्यावर, आत्ता नाही. त्याच्या डाउनलोडच्या पानावर बरीच नावं दिसतील, त्यातलं ज्या नावात ‘मिनजीडब्ल्यू’ आहे तेच घ्यायचं. बिनमिनजीडब्ल्यूचं घेतलं तर नुसतं एडिटर येतं, कंपायलर येत नाही, म्हणजे गिरणी आणली आणि जातंच नाही, मग बिल्ड दाबलं की कंपायलर सापडत नाही म्हणून ओरडतं. कॉलेजात प्रॅक्टिकल टर्बोवरच घेत असतील तर परीक्षेच्या आधी आठ दिवस तिथल्या लॅबमध्ये बसून व्हॉइड मेन आणि सीएलआरएससीआर असल्या टर्बोच्या जुन्या पद्धती करून घ्यायच्या, मार्क पण पाहिजेत की. भांडायला जाऊ नका, सरांच्या पण हातात नसतं ते.

लॅपटॉपचं म्हणाल तर पहिलं वर्ष होऊ दे. दुसऱ्या वर्षाला वेब, डेटाबेस, कदाचित ॲप असं काय काय येईल, तेव्हा तिलाच कळेल काय पाहिजे ते, आणि तेव्हा निदान आठ जीबी रॅम, जमलं तर सोळा, आणि एसएसडी एवढं बघायचं, बाकी चमचम बघायची नाही. आत्ता घेतलात तर वर्षभर त्यावर पिक्चर बघितले जातील, खोटं कशाला बोला. दाजींना रात्री पीसी लागणार असेल तर दोघांच्या वेळा ठरवून घ्या, आणि अगदीच अडलं तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडलं की मोबाईलवर पण पायथन चालतो, बारीक पडद्यावर टाइप करायचा कंटाळा येतो एवढंच.

अजून एक, पहिल्या संध्याकाळी तुम्ही पण शेजारी खुर्ची टाकून बसा. तुम्हाला त्यातलं कळलं पाहिजे असं नाही. एरर लाल अक्षरात आलं की पोरं अर्धं वाचून बंद करतात, तुम्ही फक्त म्हणायचं की शेवटची ओळ मोठ्यानं वाच. पायथनमध्ये खरं कारण बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतं आणि कुठल्या ओळीवर अडलं तो नंबर त्याच्या थोडं वर. मोठ्यानं वाचलं की निम्म्या वेळा तिचं तिलाच दिसतं.

थॉनी टाकूनही अडलं तर एररचा मोबाईलवरून फोटो काढून पाठवा, पूर्ण, वरची-खालची ओळ न कापता, आणि टास्क मॅनेजरचा पण एक, म्हणजे एसएसडीचं बघतो. आणि भाच्याला सारखे फोन लावू नका. उचलला तर तो परत काहीतरी टाकून जाईल.